एक ठोका, दोन ठोके

वादिम नावाचा पोरगा आम्हाला शिकवतो. तेवीस-चोवीस वर्षांचा असेल, मिशा अजून म्हणाव्या तशा मनावर घेत नाहीत. गिरणीतल्या आम्हा बायकांची संध्याकाळची शाळा त्याच्याकडे आहे. काल त्यानं फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘क्रांतीची कारणे’, आणि त्याखाली एकेक शब्द मांडला. जमीन. युद्ध. पाव. मालक. मग म्हणाला, यावर प्रत्येकीनं आपापल्या शब्दांत दोन पानं लिहून आणायची. माझ्याकडे बघून वर हेही म्हणाला, की ग्लाफीरा येर्मोलायेव्हना तेव्हा इथंच होत्या, त्यांना सोपं जाईल.

सोपं म्हणे.

फळ्यावरच्या शब्दांशी माझं भांडण नाही. पावासाठी मीही रांगेत उभी राहिले आहे आणि युद्धानं माझाही नवरा नेला. पण डोळे मिटून कारण शोधायला गेले की मला फळा दिसत नाही. मला आमचं जुनं स्वयंपाकघर दिसतं, कपडे उकळण्याच्या वाफेनं भरलेलं, आणि त्या वाफेत तीन पायांच्या स्टुलावर बसलेला झार. तेव्हा वादिम बाळा, माझी दोन पानं लांबली आहेत. रागवायचं असेल तर शेवटी रागव.

आम्ही पीटर्सबर्गात नार्व्हाच्या वेशीबाहेर राहायचो. खोली कुणालाच परवडत नसे, लोक कोपरे भाड्यानं घेत. आमच्या स्वयंपाकघराला चार कोपरे होते आणि चारही कोपऱ्यांना पडदे. एका पडद्यामागं मी आणि बाबा. दुसऱ्यात फेव्रोन्या मावशी, धुणं धुणारी. तिचा एकुलता एक मुलगा जपान्यांशी लढायला मांचुरियात गेला होता आणि शरदापासून त्याचं पत्र नव्हतं. तिसऱ्यात निकानोर आजोबा, सत्तरीचे. जन्मभर आगगाडीच्या इंजिनात कोळसा टाकून पाय सुजलेले, पण दाढी अशी की बिशपनं हेवा करावा. चौथ्यात आर्सेनी. तो लेथवर काम करायचा आणि बुटात पत्रकं लपवायचा. वेशीबाहेरच्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, फक्त तो धरून चालायचा की कुणाला ठाऊक नाही.

बाबा बॉयलरच्या शेडमध्ये होते. त्यांचं काम बॉयलरच्या पोटात बसायचं. लालभडक तापलेला रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडायचा खिळा, भोकात बसवायचा, आतून जड लोखंडानं दाबून धरायचा, आणि बाहेरून दोघं जण त्यावर घण घालणार. अशी वीस वर्षं. आमच्याकडे या कामगारांना रानकोंबडे म्हणतात. तो पक्षी साद घालायला लागला की तेवढ्यापुरता बहिरा होतो, आणि शिकारी नेमका तेव्हाच जवळ सरकतो. बाबा तेवढ्यापुरते नाही, कायमचे बहिरे झाले होते.

बॉयलरच्या आतून हाका मारून उपयोग नसतो, म्हणून तिथं ठोक्यांनी बोलतात. आतून दोन ठोके आले की रिव्हेट बसला, घाल घण. एक ठोका आला की थांब. या एका ठोक्याचा मान फार मोठा. घण डोक्यावर उचललेला असला तरी तो खाली येऊ द्यायचा नाही, कारण आत कुणाचा तरी हात असतो. शेडमधल्या ज्या माणसाला आपलं नाव लिहिता येत नाही त्यालाही हे येतं.

घरी आम्ही तीच भाषा वापरायचो. रस्ता ओलांडताना मी बाबांच्या खांद्यावर बोटानं एकदा टकटक केलं की ते थांबायचे, दोनदा केलं की निघायचे. बाजारात, चर्चमध्ये, गाड्यांच्या गर्दीत ते माझ्या बोटावर चालायचे. आपल्या कानांपेक्षा माझ्या बोटावर जास्त भरवसा आहे, असं ते सगळ्यांना सांगत. आणि मला मेलीला त्याचा केवढा अभिमान.

झोपेत मात्र त्यांना ऐकू यायचं. सकाळी पाव मोडता मोडता सांगायचे, आज गावची नदी ऐकली, बर्फ फुटत होता. आज तुझी आई बादली विहिरीत सोडत होती, साखळी खडखडली. एकदा म्हणाले, आज काहीच घडलं नाही, नुसता पाऊस पडत होता, पण पूर्ण पडला, शेवटच्या थेंबापर्यंत. आम्ही सगळे त्यांची स्वप्नं ऐकायला थांबायचो. आर्सेनी उशीर होत असतानाही दारात रेंगाळायचा.

एकोणीसशे पाच सालच्या जानेवारीत आमच्याकडे संप झाला. चार माणसांना कामावरून काढलं एवढंच निमित्त, पण बघता बघता एकेक धुरांडं थंड पडलं. तिसऱ्या दिवशी एक नवल घडलं. बर्फ पडला आणि तो पांढराच राहिला. मी वीस वर्षांची होते आणि आमच्या गल्लीत पांढरा बर्फ मी तोवर पाहिला नव्हता. लोक दारात उभे राहून त्याच्याकडे बघत बसले, पाय टाकायलाही कचरत होते. बाबांनी भिंतीला तळहात लावला. कारखान्याच्या घणांनी ती भिंत रात्रंदिवस थरथरायची. हात लावून म्हणाले, “भिंत झोपली.”

त्या दिवसांत सगळेच अर्धवट झोपेत असल्यासारखे चालत होते. बोलणं हळू, चेहरे धुतलेले. एका पाद्र्यानं सांगितलं होतं, की रविवारी सगळ्यांनी मिळून झाराकडे जायचं, अर्ज द्यायचा. झार आपला मायबाप आहे. त्याला काही ठाऊकच नाही, मधली माणसं त्याच्यापर्यंत काही पोहोचू देत नाहीत. एकदा त्यानं आपल्याला डोळ्यांनी पाहिलं की झालं. हे आम्हाला पटलं का, असं वादिम विचारेल. अरे, पटायचा प्रश्नच नव्हता. आईच्या दुधाबरोबर आलेली गोष्ट होती ती. झाराला आम्ही ‘तू’ म्हणायचो, जसं देवाला म्हणतात.

आर्सेनीला तेवढं हसू यायचं. तो म्हणाला, तुम्ही हजारो जण जाल, आणि समजा तो खरंच बाहेर आला आणि म्हणाला, हं, बोला, तर तुमच्यातला एक तरी तोंड उघडेल का? त त प प होईल सगळ्यांचं. फेव्रोन्या मावशी म्हणाली, तुझ्या तोंडाला कुलूप घालायचा अर्ज मी सगळ्यात आधी देणार आहे. तेव्हा त्यानं चुलीजवळचं स्टूल ओढलं, निकानोर आजोबांना त्यावर बसवलं, मावशीची फुलाफुलांची शाल त्यांच्या खांद्यावर टाकली आणि हातात कोबीच्या साराची डावली दिली. भिंतीवर चहाच्या दुकानदारानं वाटलेलं कॅलेंडर होतं, त्यावर झाराचं चित्र. आजोबा त्या चित्राखाली नेमके बसले होते. दाढीही विंचरलेली होती.

“घ्या,” आर्सेनी म्हणाला, “करा तालीम.”

त्यानं केली होती थट्टा. पण मावशी हात पुसत पुढे आली, कमरेत वाकली आणि म्हणाली, “मायबाप, माझा पोरगा दे परत.” पुढे तिला काही सुचेना. वाफेमुळे कुणाचे डोळे ओले आहेत ते कळत नव्हतं. आजोबांनी डावली जराशी उचलली आणि म्हणाले, “दिला.”

मावशीनं त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. त्या दिवसापासून सारातली पहिली वाटी आजोबांना जाऊ लागली, आणि त्यांनीही ती निमूट घेतली.

मग रोज दुपारी दरबार भरायला लागला. वरच्या मजल्यावरची माणसं यायची, समोरच्या घरातली यायची. कुणी आठ तासांचं काम मागायचं, कुणी मुकादमाची तक्रार करायचं, एका बाईनं बाळंतपणाचे चार दिवस मागितले. आजोबा सगळ्यांना देत सुटले. गंमत म्हणून आलेली माणसं जाताना टोपी हातात घेऊन जायची. आर्सेनी कोपऱ्यात बसून आधी खिदळायचा. मग मला एकदा पडद्याआडून म्हणाला, “ग्लाशा, हे चुकलंच माझं. यांना आता खरंच वाटायला लागलंय.” मी म्हटलं, तुझं काय जातंय.

बाबांची पाळी सगळ्यात अवघड. झारानं बोलावलं तरी त्यांना ऐकू येणार नाही, म्हणून मी मागं उभी राहायची. आजोबा म्हणायचे, ‘पुढचा’. मी बाबांच्या खांद्यावर दोन ठोके द्यायची. ते तीन पावलं पुढे जायचे, टोपी काढायचे, वाकायचे आणि बोलायचे. पहिल्यांदा बोलले तेव्हा भांडी हादरली. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. जिन्यातली पोरं हसली. बाबांना ते हसणं दिसलं आणि ते लाल झाले. “झारावर ओरडलो का मी?” त्यांनी विचारलं.

मग आम्ही आवाज बसवायला घेतला. ते स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून बोलायचे आणि मी समोर तळहात धरायची. तळहात खाली नेला की अजून हळू. सरळ आडवा धरला की बरोबर. वर नेला की मोठ्यानं, पण तो वर न्यायची वेळ कधी आलीच नाही. चार दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांचा आवाज इतका मऊ झाला होता की मला माझं लहानपण आठवलं, ते बहिरे व्हायच्या आधीचं.

त्यांची मागणी एकाच वाक्याची होती. मायबाप, बॉयलरात बसणाऱ्या माणसाला तासातासानं बाहेर काढायचा हुकूम दे.

आर्सेनीनं कपाळावर हात मारला. मोठ्यांदा, ओठ स्पष्ट दिसतील असा म्हणाला, “काका, अख्ख्या रशियाच्या राजाला भेटताय. जरा मोठं मागा की. कारखाना मागा.”

“मोठं मागायला मोठी माणसं आहेत,” बाबा म्हणाले. “मी माझ्या मापाचं मागतो. माझे कान गेले ते गेले. माझ्या जागी जो बसेल त्यानं तासाभरानं बाहेर येऊन चिमण्या ऐकाव्यात, इतकंच.”

त्यांना ते एकच वाक्य झारापर्यंत पोहोचवायचं होतं, आणि मला त्यांना त्या वाक्यापर्यंत पोहोचवायचं होतं. त्या आठवड्यात मला दुसरं काही नको होतं.

शनिवारी दरबार उठल्यावर निकानोर आजोबा स्टुलावरून उठेचनात. मला जवळ बोलावलं. म्हणाले, मी सगळ्यांना सगळं देऊन टाकतोय खरा, पण उद्या तिथं मिळालं नाही तर? मी म्हटलं, बाप आहे तो, न द्यायला काय झालं. मग मी विचारलं, आजोबा, तुमचं स्वतःचं मागणं काय? ते म्हातारं हसलं. “मी कुणाकडं मागू पोरी? मी तर स्टुलावर बसलोय.”

रविवारी सकाळी बाबांनी लग्नातला सदरा घातला. तो आता पोटावर ताणला जात होता. मावशीनं त्यांची कॉलर इस्त्री केली. पाय सुजल्यामुळे आजोबा यायचे नव्हते. त्यांनीही धुतलेला कुडता घातला आणि दारातच बसले, म्हणाले, काय म्हणाला ते पहिल्यांदा मला सांगायचं. आर्सेनी आमच्याबरोबर निघाला. मावशीनं डिवचलं, कशाला येतोस रे नास्तिका? तो म्हणाला, काकांचे बूट नवे आहेत, गर्दीत कुणी मारले तर?

बाहेर कडाक्याची थंडी होती आणि आकाशात तीन सूर्य होते. खोटं नाही सांगत, शहरातल्या पुष्कळ जणांनी पाहिले. पातळ धुक्यात मधला खरा आणि दोन्ही बाजूंना त्याचे फिकट भाऊ. लोक वर बघून क्रॉसची खूण करत होते. कुणी म्हणालं, शुभ आहे. पुढे देवाच्या तसबिरी होत्या, चर्चची निशाणं होती, झाराची चित्रं होती. बायका आणि लेकरं मुद्दाम पुढच्या रांगांत होती, म्हणजे दुरूनच कळावं की आम्ही भांडायला आलेलो नाही. सगळे गात होते. बाबांना गाणं ऐकू येत नव्हतं, पण त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला होता, मी गात होते ते त्यांना हातातून कळत होतं. ते म्हणाले, “ग्लाशा, मी हे स्वप्नात ऐकलंय.” मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते. आज लाज वाटते, पण नव्हते.

वेशीपाशी पुलावर सैनिकांची रांग उभी होती. घोडेस्वार एकदा गर्दीतून वेगात गेले आणि परत आले. लोक बाजूला झाले आणि पुन्हा एकत्र आले. माझ्या पुढचा म्हातारा म्हणाला, वाट मोकळी करताहेत. कुणासाठी, ते त्याला सांगावं लागलं नाही. आम्ही आणखी थोडं पुढे सरकलो. आम्ही चौघं आता तिसऱ्या-चौथ्या रांगेत होतो.

आणि बिगूल वाजला.

आज मला ठाऊक आहे तो कशाचा होता. पण आमच्यातल्या कुणी पलटणीत नोकरी केली नव्हती, आणि ज्यांनी केली असेल त्यांनाही त्या सकाळी तो ओळखायचा नव्हता. आम्हाला एवढंच माहीत होतं, की थोर माणूस यायचा असला की बिगूल वाजतो. “आला,” कुणीतरी म्हणालं. तो शब्द रांगारांगांतून मागं गेला. टोप्या उतरल्या. आर्सेनीनंही काढली, मी पाहिलं.

बाबांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

मी त्यांच्या खांद्यावर दोन ठोके दिले.

ते गेले. तालमीत जायचे तसेच, माणसांमधून वाट काढत तीन पावलं. टोपी काढली. कमरेत वाकले. आणि बोलले, ते सगळं वाक्य, एकही शब्द न चुकता, इतक्या हळू की मलाच ऐकू आलं.

मग गोळ्या सुटल्या. पुढची माणसं खाली गेली. बाबांना आवाज आला नाही. त्यांना दिसलं ते एवढंच, की पुढचे सगळे गुडघे टेकताहेत, आणि आपणच उद्धटासारखे उभे आहोत. ते घाईनं गुडघ्यांवर बसले. बसल्या बसल्या मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. रोज विचारायचे तेच विचारत होते. आवाज बरोबर होता का?

एक ठोका द्यायला माझा हात तीन पावलं आखूड पडला. मी ओरडले, पण ओरडून काय होणार होतं. पुन्हा गोळ्या सुटल्या तेव्हा ते माझ्याकडेच बघत होते.

बाबांना आम्ही कुणाच्या तरी लाकडं ओढायच्या घसरगाडीवरून घरी आणलं. आर्सेनीनं दोरी ओढली. दुपारचं ऊन होतं, बर्फ अजून पांढरा होता. मावशी बाजूनं चालत होती आणि तिच्या कडेवर एक अनोळखी लहान मुलगी होती, जिला ती चुकामूक झालेल्या आईकडे नेऊन देणार होती.

स्वयंपाकघरात चहाचं पाणी उकळायचा समोवार तयार होता, कोळसा-लाकूड भरून, पेटवायचा तेवढा बाकी. निकानोर आजोबा धुतलेला कुडता घालून स्टुलावर बसले होते. आम्ही आत आलो तसं त्यांनी विचारलं, “काय म्हणाला?”

आर्सेनीनं बाबांना आमच्या कोपऱ्यात ठेवलं आणि पडदा पूर्ण उघडा सोडला. आजोबांनी ते पाहिलं. मग ते त्या सुजलेल्या पायांनी उठले, माझ्यापाशी आले आणि चुलीला धरून गुडघे टेकले. डोकं जमिनीपर्यंत नेलं.

“माफ कर, पोरी,” ते म्हणाले. “जे माझं नव्हतं ते मी देत बसलो.”

त्यांना मी उठवायला हवं होतं. त्यांचा काय दोष होता? पण मी उठवलं नाही. माझं बोट मला दिसत होतं, दोन ठोके दिलेलं, आणि मला वाटत होतं की माफी मागणारं आणखी कुणीतरी आहे, ते अजून आलेलं नाही. मी दाराकडे बघत राहिले. ते कधी आलंच नाही.

फेव्रोन्या मावशी आमच्यातली सगळ्यात देवभोळी. तिनं अंगावरची शाल काढून बाबांवर घातली. मग भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, झाराचं चित्र नीट चार घड्या घालून दुमडलं आणि समोवारच्या नळकांड्यात सारलं. काडी लावली. पाणी उकळलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी चहा घेतला, कारण थंडीनं गारठलो होतो. झार त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात संपला. बारा वर्षांनी त्यानं गादी सोडल्याचं वर्तमानपत्रात आलं ते नुसतं उशिरा आलेलं पत्र. मावशीच्या मुलाचं पत्र मात्र कधी आलं नाही.

पुढे मी आर्सेनीशी लग्न केलं. दहा वर्षांच्या संसारात आम्ही भांडलो तर पुष्कळ, पण ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. नवऱ्याची परीक्षा करायची तर याच्यावर करावी. पंधरा साली गॅलिशियाच्या आघाडीवर तो गेला. मी शहराच्या व्हीबोर्ग भागात सूतगिरणीत लागले. त्या बारा वर्षांत मी कुणाच्या दारावर दोनदा टकटक केलं नाही. हाक मारायची, नाहीतर उभी राहायची.

सतरा सालचा फेब्रुवारी तुमच्या पुस्तकात आहे. पाव नव्हता. पहाटेपासून रांगेत उभं राहायचं आणि दुकानाची फळी तोंडावर पडायची. महिला दिनी, जुन्या कॅलेंडरात तो फेब्रुवारीतच यायचा, आमच्या गिरणीतल्या बायका काम टाकून बाहेर पडल्या. कुणी ठरवलं नव्हतं, पुढारी तर उलट घरी बसा सांगत होते. आम्ही पुरुषांना बोलवायला लोखंडाच्या कारखान्यांकडे निघालो. खिडक्यांवर बर्फाचे गोळे मारले, फाटकं धरून हलवली. एका कारखान्याचं फाटक उघडं सापडलं आणि आम्ही आत शिरलो.

शेड मी आवाजावरूनच ओळखली. बॉयलरची होती. पन्नास बायका गळा फाडून ओरडत होत्या, ‘बाहेर या’, आणि आतल्यांना पत्ता नव्हता. घण पडत होते. जमीन थरथरत होती. माझ्या शेजारची पोर रडकुंडीला आली, म्हणाली, बहिरे आहेत मेले. मी म्हटलं, हो, आहेत.

भुईवर एक बोल्ट पडला होता, मुठीएवढा. तो उचलून मी बॉयलरपाशी गेले. दोघं जण घण चालवत होते, त्यांनी मला पाहिलंही नाही. बोल्ट हातात जड लागत होता. मग मी त्या लोखंडावर मारला. एकदाच.

घण हवेत थांबला. माझ्यासमोर, डोक्याच्या वर. दुसराही थांबला. शेजारच्या बॉयलरवरच्या माणसांनी हे थांबलेले पाहिले आणि तेही थांबले, आणि ती शांतता शेडच्या टोकापर्यंत चालत गेली. सगळे बॉयलरच्या तोंडाकडे बघत होते, आत कुणाचा हात सापडला म्हणून.

तोच एक ठोका. तोच मी द्यायला हवा होता त्या रविवारी.

भोकातून आधी टोपी आली, मग काजळी माखलेला चेहरा, मग सबंध माणूस. चाळिशीचा असेल. उजेडाकडे बघून डोळे मिचकावत उभा राहिला. त्याच्या हाताला काही झालं नव्हतं आणि ठोका त्यानं दिला नव्हता, म्हणून तो गोंधळला होता. माझ्या हातातला बोल्ट त्यानं पाहिला.

“कुणाचा हुकूम?” त्यानं विचारलं. शेड दणाणली. मुकादम धावत आला आणि हातानं त्याला खुणावू लागला, हळू, हळू बोल. तो वरमला. गळ्यावर हात नेऊन त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

मी त्याच्यासमोर तळहात धरला आणि वर नेला. आणखी वर. हात पुरेल तेवढा वर.